कुत्रं पाळणं, शब्द पाळणं



आमच्या घरी चार कुत्री आहेत असं मी कुणाला सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "चार कशाला?" आणि दुसरा, आवाज थोडा खाली आणून, "तुमच्यात चालतं का हो?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चार कुत्री पाळायची असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. शेरू पावसात भिजून ओसरीवर येऊन बसला, तो उठलाच नाही. भावाची बदली झाली, तेव्हा काळू आमच्याकडे राहिला. राणीला मुलीनं दप्तरातून आणलं. आणि चिमी आली तेव्हा नाही म्हणायला आमच्याकडे तोंडच उरलं नव्हतं. चारही अस्सल गावठी. चौघांचंही लसीकरण झालेलं, आणि पुढची प्रजा वाढू नये म्हणून शस्त्रक्रियाही झालेली. दुसऱ्या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे. पण आज मला मुख्यतः बोलायचं आहे ते सहसा कुणी न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. चार कुत्री एका अंगणात सुखानं नांदवायची कशी?

हा प्रश्न मलाही आधी पडला नव्हता. एक कुत्रं पाळता आलं म्हणजे चार पाळता येतात, असाच माझा समज होता. तो एका संध्याकाळी मोडला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बकरी ईदचा दुसरा दिवस होता. उरलेले मांसाचे तुकडे मी परातीत घेतले, अंगणात गेलो आणि "घ्या रे" म्हणत सगळे मधोमध टाकले. दिलदारपणाच होता तो माझा. पुढच्या क्षणी शेरूनं काळूचा कान धरला होता आणि काळूनं शेरूचा गळा. मी ओरडलो, काठी आपटली, आणि शेवटी जे कधीच करू नये ते केलं. दोघांच्या मध्ये हात घातला. शेरूचा दात माझ्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. तो मला चावायला आला नव्हता, मी त्याच्या तोंडात हात दिला होता. पण जखम ती जखमच. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धरला आणि मग दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घेतली. घरचं, लस दिलेलं कुत्रं असलं तरी हे टाळू नये.

त्या रात्री घरात शेरूला बाहेर काढायची भाषा सुरू झाली. पत्नी म्हणाली, "उद्या लहान मूल मध्ये सापडलं तर तुम्ही काय करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नात्यातल्या एकाच्या मळ्यावर त्याला पाठवावं, असं जवळजवळ ठरलं. सात वर्षं ओसरीवर झोपलेलं कुत्रं परक्या मळ्यावर साखळीला बांधलं जाणार होतं. शेवटी अम्मीनं निकाल दिला, "म्हैनाभर देख. नै सुधरा तो भेज दे." मी मान डोलावली. कोण सुधारायचं, हे तिनं सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी एका परिचिताचा सल्ला ऐकला. कुत्रा हा मुळात लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या असतो, तेव्हा घरातला म्होरक्या तू आहेस हे त्याला कळू दे, असा तो सल्ला होता. त्याच्या आधी तू जेव, दारातून आधी तू जा, गुरगुरला तर त्याला उताणा पाडून धर. मी तसं केलं. शेरूचं गुरगुरणं खरंच थांबलं. मला वाटलं, जिंकलो. पण तो मला पाहून भिंतीच्या कडेनं चालू लागला, आणि काळूच्या अंगावर आता न गुरगुरता जाऊ लागला. गुरगुरणं ही कुत्र्यानं दिलेली पूर्वसूचना असते. मारून-दाबून ती बंद केली की राग जात नाही, फक्त सूचना जाते.

मग मी वाचायला लागलो. ही म्होरक्याची कल्पना कुठून आली, हे पाहण्यासारखं आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहून प्रसिद्ध केलं. एका कुंपणात एकत्र ठेवलेले ते लांडगे वर्चस्वासाठी भांडत. १९७० साली अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरील पुस्तकानं ही कल्पना जगभर नेली. पुढे मेक यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ साली स्वतःच ती दुरुस्त केली. रानातली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथं म्होरक्या लढाई जिंकून होत नाही, तो बाप असतो म्हणून पुढे असतो. स्वतःचं गाजलेलं म्हणणं स्वतःच मागे घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो. पण त्याची दुरुस्ती आमच्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती. चूक मात्र पोचली होती.

तेव्हा काठी ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला धडा नावाचा. चौघांना एकत्र बोलावून "अरे, या रे" म्हणायची आमची सवय होती. त्यात कुणाला बोलावलं हे कुणालाच कळत नसे, म्हणून सगळे धावत आणि दारातच चकमक होई. मी एकेकाला मागच्या परड्यात वेगळं नेऊ लागलो. फक्त पाच मिनिटं. "शेरू" म्हणायचं. त्यानं पाहिलं की लगेच "शाब्बास" आणि उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. लगेच म्हणजे अगदी लगेच, क्षणभरात. उशीर झाला तर मधे त्यानं जे केलं असेल, कान खाजवला असेल, पलीकडे बघितलं असेल, त्याचं बक्षीस मिळालं असं त्याला वाटतं. आणि एक पथ्य. नाव घेऊन रागवायचं नाही. ज्या शब्दामागून कधी तुकडा येतो आणि कधी चप्पल, त्या शब्दाकडे धावत कोण येईल?

या पद्धतीचा पाया जुना आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली एका विज्ञान मासिकात लिहिलं होतं, की प्राण्यानं योग्य कृती केली त्याच क्षणी एखादा ठरावीक आवाज करा आणि मागोमाग खाऊ द्या. १९८४ साली केरन प्रायर यांच्या पुस्तकामुळे ही रीत घरोघर गेली. त्यासाठी 'टिक' वाजणारी छोटी डबी मिळते. मी बॉलपेनची टिकटिक करून पाहिली. एकट्या कुत्र्यापुढे ती छान चालते. चौघांपुढे मात्र एका टिकेवर चौघेही हक्क सांगायला येतात. म्हणून घर भरलेलं असेल तर आधी नाव, मग कृती, मग शाब्बास, हाच क्रम बरा.

दुसरा धडा बसण्याचा. तुकडा कुत्र्याच्या नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं, तसा मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला की शाब्बास. कंबर दाबून बसवायची गरज नाही. दहा-बारा वेळा झालं की मग शब्द जोडायचा. आणि इथं आमच्या घराची एक गंमत झाली. मी आणि मुलं मराठीतून "बस" म्हणत होतो. अम्मी घरात दखनी बोलते, आणि दखनीत 'बस' म्हणजे पुरे. सून कपात चहा ओतू लागली की अम्मी म्हणणार, "बस, बस!" आणि ओसरीवर चारही कुत्री पटापट बसणार. आम्ही हसून बेजार. पण त्या हसण्यात एक अडचणही होती. अम्मीच्या 'बस'वर ती बसत आणि त्यांना काहीच मिळत नसे. आठ-दहा दिवसांत ती माझ्या 'बस'कडेही कानाडोळा करू लागली. शब्द नासला होता.

मी दोन भाषांत वाढलो. मराठीत कविता लिहितो आणि आईशी दखनीत बोलतो. एका शब्दाला दोन अर्थ असले तर कवीला आनंद होतो. कुत्र्याला होत नाही. त्याला एका शब्दाला एकच अर्थ लागतो, आणि तो सगळ्यांच्या तोंडी सारखाच लागतो. शेवटी आम्ही घराची बैठक घेऊन शब्द ठरवले. बसण्याला 'बैठ', येण्याला 'ये', सोडण्याला 'सोड', आपल्या गोणपाटावर जाण्याला 'जागा'. मुलीनं ते कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवले. कुत्र्यांपेक्षा आम्हालाच ते पाठ करायला जास्त दिवस लागले.

शब्दाइतकाच सूर महत्त्वाचा. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेरा कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं आणि त्यांना त्यांच्या शिक्षिकेचा आवाज ऐकवला. कधी कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात, कधी कौतुकाचा शब्द कोरड्या सुरात, कधी निरर्थक शब्द लाडिक सुरात. मेंदूतला आनंदाचा भाग उजळला तो शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे असले तरच. म्हणजे कोरडेपणानं म्हटलेलं 'शाब्बास' त्यांना ओळखू येतं, आणि लाडिक सुरातली थापही. मुशायऱ्यात बसणाऱ्या कित्येकांना हे जमत नाही.

तिसरा धडा सर्वांत कठीण, पाळीचा. एकाला शिकवताना इतर तिघं पाहत असतात. व्हिएन्नातल्या फ्रीडरिके रांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. दोन कुत्री शेजारी बसवून त्यांना पंजा द्यायला सांगायचं. एकाला खाऊ द्यायचा, दुसऱ्याला नाही. दुसरं कुत्रं थोड्याच वेळात पंजा द्यायचं थांबवतं. एकटं असताना खाऊ मिळाला नाही तरी ते त्याहून अधिक वेळ पंजा देत राहतं. पण आणखी एक गोष्ट दिसली. एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला पाव दिला, तर पाववाल्यानं तक्रार केली नाही. काय मिळालं यापेक्षा मिळालं की नाही, हे त्यांच्या लेखी मोठं होतं.

हे वाचल्यावर आमच्या अंगणातला घोळ मला उमगला. मी शेरूला शिकवायचो आणि बाकीच्यांना हाकलायचो. आता चौघं आपापल्या गोणपाटावर बसतात. "राणी" म्हटलं की राणी पुढे येते, काम करते, तुकडा घेते. आणि लगेच शांत बसलेल्या तिघांनाही भाकरीचा एकेक तुकडा मिळतो, बसून राहिल्याबद्दल. वाट पाहणं हेही काम आहे आणि त्याचीही मजुरी असते, हे एकदा कळलं की ढकलाढकली आपोआप कमी होते. सुरुवातीला दोघांनाच घेऊन करावं, मग तिसरा, मग चौथा. चौघांना एकदम शिकवायला गेलात तर तो वर्ग राहत नाही, बाजार होतो.

आता खेळाविषयी. पुष्कळ लोक कुत्र्यांचा खेळ पाहून घाबरतात, कारण त्यात दात दिसतात, गुरगुर असते, एकमेकांना आडवं पाडणं असतं. काही लोक मात्र खरं भांडण पाहून 'खेळतायत' म्हणतात. हे जास्त धोक्याचं. खेळाची एक ठळक खूण आहे. पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर, शेपूट हलती. अमेरिकेतल्या मार्क बेकॉफ यांनी या वाकण्याचा बारकाईनं अभ्यास केला. १९९५ साली त्यांनी दाखवलं, की जोरात चावण्यासारखी, गैरसमज होऊ शकेल अशी हालचाल करण्याच्या आधी किंवा नंतर कुत्री असं वाकतात. जणू 'हे गमतीत घे हं' असं सांगतात. त्यांनी त्याला विरामचिन्हांची उपमा दिली, आणि ती मला फार आवडली.

चांगल्या खेळात पाठलाग करणारा आणि पळणारा आलटून पालटून बदलतात. शेरू चिमीच्या चौपट आहे, पण तो आपण होऊन उताणा पडतो आणि तिला छातीवर चढू देतो. मधेमधे दोघं थांबतात, अंग झाडतात, पुन्हा सुरू होतात. तोंड सैल उघडं असतं, अंग लवचीक असतं. याउलट अंग ताठलं, तोंड मिटलं, नजर एका जागी खिळली, शेपूट काठीसारखी वर उभी राहिली, किंवा एकच जण सारखा पळतोय आणि तिघं त्याच्या मागे आहेत असं दिसलं, की खेळ संपला असं समजावं. शंका आली तर साधी परीक्षा आहे. दांडगाई करणाऱ्याला हाक मारून बाजूला घ्या. दुसरा पुन्हा त्याच्याकडे खेळायला आला तर खेळच होता. तो पलंगाखाली गेला तर नव्हता.

आपणही त्यांच्याशी खेळावं. जुन्या साडीची वेणी घालून केलेली दोरी आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. रस्सीखेचीत कुत्र्याला जिंकू दिलं तर ते शेफारतं, असं पूर्वी सांगत. २००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे तपासलं. कुत्री जिंकली म्हणून मालकाच्या डोक्यावर बसत नाहीत, असं त्यांना दिसलं. फक्त 'सोड' आधी शिकवावं. दोरी हिसकावून नव्हे, तर बदल्यात तुकडा देऊन. आणि सोडली की दोरी बहुतेक वेळा पुन्हा त्याच्याच तोंडात द्यावी. सोडलं म्हणजे गेलं नाही, हा भरवसा बसला की पुढे रस्त्यावरचं हाडूकही ते सोडतं. खेळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. उन्हाळ्यात आपला तळहात फरशीवर टेकवत नसेल, तर त्यांच्या पावलांनाही ती भाजते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आमच्यात चालतं का? कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं, असं हदीसमध्ये आहे, आणि अम्मी ते काटेकोर पाळते. कुत्र्याच्या लाळेविषयी वेगवेगळ्या पंथांच्या विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची गोष्टही हदीसमध्येच आहे. आणि कुराणाच्या पाचव्या सूरेत शिकवलेल्या शिकारी जनावरानं धरून आणलेली शिकार चालते असं सांगताना, त्यांना शिकवायची विद्याही अल्लाहनंच माणसाला दिल्याचा उल्लेख आहे. अम्मीशी मी वाद घातला नाही. तिची अट एकच होती, उंबऱ्याच्या आत पाऊल पडता कामा नये. तिथं ती नमाज पढते.

अट रास्त होती. मग आम्ही उंबरा शिकवला. दार थोडं उघडायचं. पंजा पुढे आला तर दार हळूच मिटायचं, न बोलता. कुत्रं जागच्या जागी थांबलं तर तुकडा द्यायचा, पण उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला. आत काहीच मिळत नाही, बाहेर थांबणाऱ्याला मिळतं. रोज थोडं थोडं, एकेकाला वेगळं. तीन आठवड्यांत उघड्या दारापुढे चौघं ओळीनं बसू लागली. चिमी सर्वांत लवकर शिकली. ती आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, आणि पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचं वय माणसांची, आवाजांची, घराच्या रीतीची ओळख करून देण्यासाठी सोन्यासारखं असतं. पण सात वर्षांचा शेरूही शिकला. उशिरा शिकला, पण पक्कं शिकला.

महिना संपला त्या दिवशी मी अम्मीकडे गेलो. तिनं काहीच विचारलं नाही. खाली वाकून ओसरीच्या कडेला ठेवलेल्या कुंडीत पाणी ओतलं आणि म्हणाली, "रहने दे."

मी इथं सुखान्त शेवट केल्याचा आव आणणार नाही. शेरू आणि काळू आजही जेवताना समोरासमोर बसत नाहीत. त्यांची वाडगी अंगणाच्या दोन टोकांना, मधे बंद फाटक. ती खाऊन होईपर्यंत मी तिथंच उभा असतो आणि वाडगी उचलूनच फाटक उघडतो. घरात लहान मुलं आली की कुत्री परड्यात जातात. ईदला मांस आता मधोमध पडत नाही. चौघांना चार जागी, नाव घेऊन मिळतं, आणि शिजवलेली हाडं कुणालाच मिळत नाहीत, कारण ती चावताना फुटून आतड्यात रुततात. पुन्हा जुंपलीच तर हात घालायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. कोपऱ्यात पाण्याची बादली कायम भरलेली असते आणि मधे सरकवायला जुन्या दाराची फळी उभी आहे. सुदैवानं तिची गरज पडलेली नाही.

आपल्या मराठीत कुत्रं 'पाळतात' आणि शब्दही 'पाळतात'. इतकी वर्षं भाषेचं काम करूनही ही जोडी माझ्या ध्यानात आली नव्हती. ती मला शेरूनं दाखवली. मी 'ये' म्हटल्यावर तो आला आणि मी त्याला साखळी घातली, तर मी शब्द मोडला. 'शाब्बास' म्हटलं आणि हात रिकामाच राहिला, तरी मोडला. ज्या घरात शब्द पाळला जातो, तिथं कुत्रं सहज पाळलं जातं. एक असो की चार.

आता थांबतो. चहाची वेळ झाली आहे. घरी अम्मी कपाकडे बघत "बस, बस" म्हणत असेल. आमचा शब्द बदलून आता बरेच दिवस झाले, तरी शेरू अजून त्या शब्दावर बसतो. त्याला त्याचं काही मिळत नाही, असं मी समजत होतो. परवा पाहिलं, तर बिस्किटाचा एक तुकडा हळूच उंबऱ्याबाहेर पडला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)